बीटाचा रस आणि रक्तदाबाची वही: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यापासून रोज सकाळी बीटाचा रस घेते आहे. रक्तदाबाची गोळी आधीपासून चालू होती आणि आजही चालू आहे. रस हा गोळीच्या जोडीला आहे, तिच्या जागी नाही.

वहीत रोजच्या नोंदी आहेत. वरचा आकडा आधीपेक्षा चार-पाच अंकांनी खाली राहतो, खालच्यात फारसा फरक नाही. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाची २०१५ची चाचणी मला या रसावरच्या चाचण्यांतली सगळ्यात भरवशाची वाटते. उच्च रक्तदाबाच्या ६८ रुग्णांपैकी काहींना चार आठवडे रोज २५० मिली रस दिला, बाकीच्यांना बीटात मुळातच असणारं नायट्रेट काढून टाकलेला रस. खऱ्या रसवाल्यांचा वरचा दाब सात-आठ अंकांनी उतरला आणि रस बंद केल्यावर दोन आठवड्यांत पुन्हा पहिल्यासारखा झाला. म्हणजे गुण नायट्रेटचा, आणि घेत राहाल तोवरच.

हे नायट्रेट काम कसं करतं, ते कळल्यावर मला खूपच अप्रूप वाटलं. पोटातून ते रक्तात जातं, लाळग्रंथी ते ओढून घेतात आणि लाळेतून पुन्हा तोंडात सोडतात. जिभेच्या मागच्या भागावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. ते गिळलं की शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनतो आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैलावतात. हा वायू रक्तवाहिन्यांत संदेश पोहोचवतो, या शोधाला १९९८चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

जंतुनाशक माउथवॉश जिभेवरचे हेच जिवाणू मारतो, म्हणून त्याचं सांगायलाच हवं. मध्यंतरी दाताच्या कामानंतर डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या चुळा भरायला सांगितल्या. रस चालू असूनही त्या आठवड्यात आकडे वर सरकले, चुळा थांबल्यावर खाली आले. माझ्या एका वहीवरून काही सिद्ध होत नाही, पण निरोगी माणसांवरच्या अभ्यासातही अशा चुळांनी रक्तदाब दोन-तीन अंकांनी वाढलेला दिसला आहे. दातांसाठी गरज असेल तर चुळा जरूर भरा. नुसत्या ताज्या वासासाठी जंतुनाशक माउथवॉश रोज वापरणं मात्र मी सोडून दिलं.

आता मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींतली ऊर्जा बनवणारी केंद्रं. जाहिराती ‘पेशींची ऊर्जा वाढते’ म्हणतात. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या गटाने २०११मध्ये दाखवलं, की नायट्रेट घेतलेल्यांच्या स्नायूंतले मायटोकॉन्ड्रिया तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये जास्त ऊर्जा बनवतात. २०१६च्या दुसऱ्या एका अभ्यासात बीटाच्या रसाने व्यायामाला ऑक्सिजन कमी लागला, पण मायटोकॉन्ड्रियांची कार्यक्षमता वाढलेली आढळली नाही. तेव्हा हा मुद्दा अजून उघडा आहे. आतकरवाडीहून सिंहगड चढताना मला दम जरा कमी लागतो, पण नियमित चालण्याचा वाटा त्यात किती, हे वेगळं काढता येत नाही.

रस करायची माझी रीत: दोन मध्यम बीटं कच्चीच किसायची, आल्याचा तुकडा घालून मिक्सरमधून काढायची, सुती फडक्यातून पिळायची आणि वर लिंबू. उकडून पाणी ओतून दिलं तर बरंचसं नायट्रेट पाण्याबरोबर जातं. पहिल्या पावसातल्या मातीसारखा जो वास येतो, तो जिओस्मिनचा, दोन्हीकडे तोच रेणू. लिंबाने तो पुष्कळ दबतो. परिणाम दोन-तीन तासांनी सर्वाधिक असतो, म्हणून चढायच्या दिवशी मी पहाटेच घेते.

पावडरने निराशा केली. डबा महाग, रंग सुंदर, पण नायट्रेट किती याचा लेबलवर पत्ताच नाही. तो आकडा नसलेली पावडर घेऊ नका. कंटाळा आला तर पालक, माठ यांतही नायट्रेट भरपूर असतं. भाजी परतून, पाणी न टाकता करा.

लघवी लालसर झाली तर घाबरू नका, काहींना होते. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारा, कारण बीटात आणि पालकात खडे बनवणारं ऑक्झलेट बरंच असतं. माझ्या भावाला डॉक्टरांनी याच कारणासाठी रस घेऊ नको म्हणून सांगितलं. रक्तदाब मुळातच कमी असेल तर रोजचा ग्लास सुरू करण्याआधीही विचारून घ्या.