हनोईत बूट शिवणाऱ्याने 11,80,000 डोंगला गंडवलं, जाणाऱ्यांनी आधी हे वाचा

आधीच सांगते, रक्कम फार मोठी नाही. डोंग म्हणजे व्हिएतनामचं चलन, आपल्या पैशांत साधारण 3,900 रुपये. पण मी गेली नऊ वर्षं पतसंस्थेत कॅशवर बसते, रोज लाखांनी रोकड हातातून जाते, आजवर माझ्या काउंटरला शंभर रुपयांची तूट आलेली नाही, आणि भर दिवसा माझ्या डोळ्यांसमोर माझीच नोट बदलली गेली. त्यामुळे तीन आठवडे हे कोणाला सांगितलंच नव्हतं. काल ऑफिसातली एक मुलगी म्हणाली, ताई, आम्ही चौघी मैत्रिणी दिवाळीत व्हिएतनामला चाललोय. तेव्हा म्हटलं, गेली लाज खड्ड्यात, लिहायचंच.

आणि कृपा करून "एकटी कशाला गेलीस" असं कोणी लिहू नका. मी याआधीही एकटी फिरलेय, तयारी करूनच गेले होते. सायक्लोवाला (म्हणजे तिथला सायकल रिक्षावाला) चढताना एक भाव सांगतो आणि उतरताना दुसरा, टॅक्सीचं मीटर पळतं, फळं विकणाऱ्या बायका खांद्यावर कावड देऊन फोटो काढायला लावतात आणि मग पैसे मागतात, हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच तर दिवसभर पायी फिरायचं ठरवलं होतं ना, वाहनात बसायलाच नको, घासाघीस नको, कटकट नको.

सकाळी सहाला होआन किएम तळ्यावर गेले. तो तास खरंच सुंदर होता, ते खोटं नाही बोलणार. म्हाताऱ्या बायका पंखे घेऊन व्यायाम करत होत्या, न्गोक सोन देवळाकडे जाणारा लाल लाकडी पूल धुक्यातून दिसत होता. गाडीवर 25,000 चं "बान्ह मी", म्हणजे तिथलं पावाचं सँडविच, खाल्लं, तिथे माझ्याकडचे आदल्या दिवसाचे सगळे सुटे संपले. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मग एटीएममधून 30 लाख डोंग काढले, साधारण दहा हजार रुपये. मशीनने पाच लाखाच्या सहा नोटा दिल्या. तिथली मशीनं बहुतेक वेळा मोठ्या नोटाच देतात.

तिथून चालत दोनेक किलोमीटरवर वान म्येऊ, म्हणजे साहित्य मंदिर. 1070 सालचं आहे, आत दगडी कासवांच्या पाठीवर परीक्षा पास झालेल्या विद्वानांची नावं कोरलेले 82 शिलालेख उभे आहेत. तिकीट 70,000. मी पाच लाखाची एक नोट दिली, खिडकीतल्या बाईने 4,30,000 परत दिले, दोन लाखाच्या दोन, वीस हजाराची एक, दहा हजाराची एक. मी खिडकीवर उभी राहून मोजले, सवयच आहे. दहा हजाराचं बाहेर पाणी घेतलं. वीस हजाराची नोट तिकिटाच्या घडीत ठेवली, बाकी सगळं पाकिटात. म्हणजे पाच लाखाच्या पाच, दोन लाखाच्या दोन, आणि तिकिटात वीस हजार.

परत येताना होआ लो तुरुंगाची पिवळी भिंत बाहेरूनच बघितली, तिथून सेंट जोसेफ चर्चकडे वळले. पावणेअकरा वाजले असतील, घामाने चिंब झाले होते. हनोईत फूटपाथवर स्कूटर लावलेल्या असतात, मध्येच छोटी प्लॅस्टिकची स्टुलं, त्यामुळे चालताना मान खाली घालूनच चालावं लागतं. समोरून एक माणूस आला, चाळीस-पंचेचाळीसचा, हातात प्लॅस्टिकची टोपली. माझ्या बुटाकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला, मी खाली बघितलं, तोवर तो खाली बसलाही होता आणि डाव्या बुटाच्या टोकाला पिवळट डिंकासारखं काहीतरी फासलंही होतं.

हाच तो क्षण. याच क्षणाचा मला सगळ्यात जास्त राग येतो. कारण ट्यूबचं टोपण आधीच काढलेलं होतं. टोपलीत सुई होती आणि सुईत दोरा आधीच ओवलेला होता. मला ते दिसलं! नीट दिसलं, अजून डोळ्यासमोर आहे, जाड पांढरा दोरा, टोकाला गाठ मारलेली. ज्याला माझा बूट आत्ता या मिनिटाला दिसला त्याच्या हातात उघडी ट्यूब कशी? आणि बूट कुठले, तर याच पावसाळ्याआधी 3,499 ला घेतलेले, राजगड ते तोरणा केलेले. तोरण्याच्या कड्यांवर ज्याचा सोल सुटला नाही तो हनोईच्या फरशीवर सुटतो? एवढा साधा विचार डोक्यात आला नाही. खाली वाकून बघितलं तर टोकाला खरंच सोल जरा उघडल्यासारखा वाटला, आता मला खात्री आहे की त्यानेच नख घालून उचकटला.

मी "नो नो" म्हणेपर्यंत बूट त्याच्या हातात. पायात त्याने रबरी चप्पल सरकवली. आता एका पायात चप्पल, एका पायात बूट, पाठीवर सॅक, कुठे पळणार? किती घेणार विचारलं तर दोन बोटं दाखवून म्हणाला "ट्वेंटी". तिथे कोणी शेवटची तीन शून्यं बोलत नाही, वीस म्हणजे वीस हजार असंच दोन दिवस ऐकत होते, म्हणजे पासष्ट-सत्तर रुपये. म्हटलं ठीक आहे, आपल्याकडेही एवढे होतातच, गरीब माणूस आहे, घे. ही दया नडली.

त्याने अख्ख्या सोलला टाके घातले. मग दुसरा बूटही ओढून घेतला, त्यालाही. पॉलिश पण केलं, कापडी बुटाला पॉलिश! वीसेक मिनिटं गेली. मग खिशातून कॅल्क्युलेटर काढून आकडा दाखवला, 12,00,000. बारा लाख. चार हजार रुपये. मी ओरडलेच, ट्वेंटी म्हणालास ना. तर तो प्रत्येक टाक्याकडे बोट दाखवून मोजायला लागला, म्हणजे ट्वेंटी एका टाक्याचे. तेवढ्यात एक स्कूटर येऊन माझ्या मागे थांबली. दुसरा माणूस, तरुण, हेल्मेट काढलं नाही, काही बोलला नाही, नुसता उभा राहिला. बूट अजून पहिल्याच्या मांडीवर. आजूबाजूची माणसं बघत होती, कोणी मध्ये पडलं नाही, समोरच्या दुकानातली बाई तर आत निघून गेली.

खरं सांगू, मी घाबरले होते. इथे घरी पंख्याखाली बसून "मी असते तर एक पैसा दिला नसता" म्हणणं सोपं आहे. घासाघीस करून सात लाखावर आणलं. पाच लाखाची एक आणि दोन लाखाची एक अशा दोन नोटा काढून दिल्या. त्याने त्या घेतल्या आणि हात टोपलीत खाली नेला, जणू काही सुटे शोधतोय. एक सेकंद, जास्त नाही. हात वर आला तेव्हा त्यात दोन लाखाची नोट होती आणि दुसरी वीस हजाराची. "ट्वेंटी! ट्वेंटी!" म्हणून माझ्याच नाकासमोर नाचवायला लागला, मीच त्याला फसवलं असा चेहरा करून.

ज्यांनी या नोटा बघितल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. वीस हजार आणि पाच लाख, दोन्ही निळ्या. दोन्ही प्लॅस्टिकच्या, दोन्हीवर व्हिएतनामचा नेता हो ची मिन्हचा चेहरा. पाच लाखाची लांबीला जेमतेम दीड सेंटिमीटर जास्त. मागची बाजू बघितली तर फरक कळतो, वीस हजारावर होई आन शहरातला छप्पर असलेला पूल आहे, पाच लाखावर हो ची मिन्हच्या गावचं घर. पण उन्हात, घाबरलेली असताना, एका पायावर उभी राहून कोण मागची बाजू बघतं? आणि माझ्याकडे वीस हजाराची नोट होतीच ना, साहित्य मंदिरात तिकिटाचे सुटे म्हणून मिळालेली, त्यामुळे मला खरंच वाटलं की माझीच चूक झाली. मी त्याला सॉरी म्हटलं! त्याने वीस हजाराची नोट मला परत दिली, मी पाच लाखाची आणखी एक काढून दिली. बूट मिळाले. स्कूटरवर दोघं बसून गेले.

आम्हाला कॅशवर पहिल्या दिवशी जुन्या मॅनेजरांनी शिकवलं होतं, की ग्राहकाने दिलेली नोट काउंटरच्या वरच ठेवायची, हात काउंटरखाली न्यायचा नाही, आकडा मोठ्याने बोलायचा, "पाचशे दिले हं", आणि हिशेब पूर्ण होईपर्यंत ती नोट ड्रॉवरमध्ये टाकायची नाही. नऊ वर्षं मी हेच करतेय. त्या माणसाचा हात टोपलीत गेला तेव्हाच माझ्यासारखीने हाताला धरून ओढायला हवं होतं. तुम्ही तरी लक्षात ठेवा, नोट देताना आकडा मोठ्याने बोला, आजूबाजूच्या चार लोकांना ऐकू जाऊ दे, आणि नोट त्याच्या हातात गेली तरी तिच्यावरची नजर काढू नका.

कळलं कधी, तर अर्ध्या तासाने. गल्लीतल्या एका दुकानात अंड्याची कॉफी घेतली, पैसे द्यायला पाकीट उघडलं, तर वीस हजाराची नोट. मग तिकीट उलगडलं, त्यात घडी करून ठेवलेली वीस हजाराची नोट जशीच्या तशी! म्हणजे दोन झाल्या. पाच लाखाच्या पाच होत्या त्या तीन उरल्या. आणि पाकिटातल्या नोटेच्या कोपऱ्याला तोच पिवळट डिंक, बोटाला चिकटत होता. सात लाख ठरलेले, गेले बारा लाख, म्हणजे पहिल्यांदा मागितलेले तेवढेच्या तेवढे त्याने वसूल केले. वीस हजार परत आले ते वजा करून 11,80,000. हातात कप तसाच राहिला, रडू आलं मला तिथे.

आता पोलिसांचं ऐका. जवळच्या ठाण्यात गेले तेव्हा बारा वाजले होते. दुपारची सुट्टी, दीडला या. दीड तास पायरीवर बसले, दीडचे पावणेदोन झाले. आतल्या साहेबाला इंग्रजी नाही, मला व्हिएतनामी नाही, मोबाइलवर भाषांतर करत करत मी सगळं सांगितलं, नोट दाखवली, डिंक दाखवला. त्याने विचारलं काय, तर त्या माणसाचा फोटो आहे का. अहो, चोराला थांब म्हणून फोटो काढू? मग पासपोर्ट मागितला. माझ्याकडे झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये व्हिसा होता, मूळ पासपोर्ट हॉस्टेलच्या लॉकरमध्ये. ते चालत नाही. अर्धा तास चालत जाऊन आणला, परत अर्धा तास चालत आले, तर तोवर साहेब बदललेले. नव्या साहेबाने नकाशा बघितला आणि म्हणाला ही जागा आमच्या हद्दीत येत नाही.

हद्द! मला वाटलं हे फक्त आपल्याकडेच असतं. दुसऱ्या ठाण्यात गेले. तिथे एक कागद दिला, पूर्ण व्हिएतनामी भाषेत, आणि सांगितलं याच भाषेत भरायचा, दुभाषा घेऊन या. दुभाषा कुठून आणू? तिथला एक जण चक्क माझे बूट बघून अंगठा वर करून हसला, की छान शिवलेत म्हणून. मी म्हटलं, निदान मी येऊन गेले असं लिहून शिक्का मारून द्या, तेही नाही. कॅमेरा होता चर्चच्या कोपऱ्यावर, मी दाखवला, साधा बघतो पण म्हणाले नाहीत. रोज तीच टोळी त्याच दोन-चार गल्ल्यांत फिरते हे हॉस्टेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीला माहीत, तिने मला बूट बघताच विचारलं, "शू मॅन?" मग पोलिसांना माहीत नाही? आणि त्या मुलीला माहीत होतं तर चेक-इन करताना एक कागद भिंतीवर लावता येत नाही का? टूरची पत्रकं मात्र दहा लावलेली.

इकडे प्रवास विम्यासाठी 1,240 रुपये भरलेले. फोनवर चौदा मिनिटं गाणं ऐकल्यावर उत्तर मिळालं की पोलीस रिपोर्ट असेल तर बघू, आणि रोख रक्कम "स्वतःहून दिली" असेल तर तसंही बसत नाही. स्वतःहून!

त्यामुळे जाणाऱ्यांनो, पहिल्याच दिवशी वीस हजार आणि पाच लाखाच्या नोटा पाकिटाच्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा. पाच लाखाच्या नोटा दुकानात किंवा तिकीट खिडकीवर मोडा, रस्त्यावर कोणापुढे काढू नका. कोणी बुटाकडे बोट दाखवलं तर खाली बघूच नका, पाय मागे घ्या आणि चालत राहा. बूट पायातून निघाला की संपलं. भाव कॅल्क्युलेटरवर सगळ्या शून्यांसकट लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढा. आणि आपलीच चूक झाली असं वाटलं तर सॉरी म्हणायच्या आधी पाकीट मोजा, तो काहीही ओरडू दे.

दोन दिवसांनी होई आनला पाऊस लागला आणि दोन्ही बुटांत पाणी शिरलं. इथे सांगलीत परत आल्यावर नेहमीच्या बूट शिवणाऱ्या काकांना दाखवले. त्यांनी सोल वाकवून बघितला, म्हणाले, "पोरी, याला काही झालंच नव्हतं गं, सुईनं आरपार भोकं पाडल्यात, आता पाणी येणारच." टाके तसेच ठेवून आतून सोल्यूशन भरून दिलं, 60 रुपये घेतले. डिंक लागलेली ती वीस हजाराची नोट माझ्याकडेच आहे, उद्या त्या मुलीला ऑफिसात दाखवणार आहे. पाच लाखाचीही एक मुद्दाम परत आणलीय, दोन्ही शेजारी ठेवून दाखवेन. आईला अजून यातलं काही सांगितलेलं नाही, तिने ही पोस्ट वाचायच्या आधी आज रात्री सांगते.