संकरित गाय की पंढरपुरी म्हैस? लिटरआधी भाकड दिवस मोजावेत

कृषीचे शिक्षण संपवून पाच-सहा जनावरांचा गोठा घालू पाहणारा विद्यार्थी पहिल्यांदा विचारतो ते लिटर, आणि तिथे संकरित गाय सहज जिंकते. मात्र 12 लिटर देणाऱ्या गायीच्या दुधाला 3.5 फॅट (म्हणजे 3.5 टक्के स्निग्धांश) आणि 6 लिटर देणाऱ्या म्हशीच्या दुधाला 7 फॅट धरली, तर दोघींकडून दिवसाला मिळणारा स्निग्धांश सारखाच, सुमारे 420 ग्रॅम भरतो. त्यामुळे दर फॅटवर ठरणार असेल, तर नुसत्या लिटरच्या आकड्यावर भाळण्यात अर्थ नाही.

माझ्या मते खरा निर्णय गाभणकाळ आणि माज (जनावर गाभण राहायला तयार असते तो काळ) यांवर व्हावा. गायीचा गाभणकाळ सुमारे 280 दिवसांचा, तर म्हशीचा सुमारे 310 दिवसांचा असतो. म्हणजे व्यायल्यानंतर 85व्या दिवशी दोघी गाभण राहिल्या, तरी गाय वर्षभरात पुन्हा विते आणि म्हैस तेराव्या महिन्यात. हा महिना कितीही चोख व्यवस्थापनाने वाचत नाही. माजाचे चक्र दोघींचेही साधारण 21 दिवसांचे असल्याने एक माज हुकला की पुढचे वेत तेवढेच लांबते, दूध आटून भाकड, म्हणजे बिनदुधाचे, दिवस वाढतात आणि वैरण मात्र चालूच राहते. संकरित गाय हंबरते, दुसऱ्या गायींवर उडते, त्यामुळे तिचा माज नवख्यालाही कळतो. म्हशीचा माज पुष्कळदा मुका, म्हणजे बाहेरून लक्षणे न दिसणारा असतो, विशेषतः उन्हाळ्यात. पावसाळा सरताना आणि हिवाळ्यात तो अधिक स्पष्ट होतो. पंढरपुरी म्हैस नियमित विण्यासाठी नावाजलेली आहे, पण मुक्या माजातून तीही सुटलेली नाही.

उन्हाचा त्रास दोघींनाही होतो. म्हशीची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी कमी असल्याने तिला डुंबायला पाणी किंवा निदान अंगावर फवारा लागतो. होल्स्टीन या विदेशी जातीचे रक्त जास्त असलेल्या संकरित गायीचे दूध कडक उन्हाळ्यात घटते, शिवाय गोचीड तापाचा धोकाही तिलाच अधिक. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या फुले त्रिवेणी या संकरित गायीत 50 टक्के होल्स्टीन, 25 टक्के जर्सी आणि 25 टक्के देशी गीर असे मिश्रण आहे, ते याच विचाराने.

चाऱ्याचे गणित थोडक्यात असे: बारमाही हिरवा चारा असेल तर गाय, कडबा आणि उसाचे वाढे यांवर बरीच भिस्त असेल तर म्हैस, कारण भरड वैरण तिला अधिक मानवते.

बाजारपेठेमुळे मात्र हे सारे पालटू शकते. कोल्हापुरात म्हैस ग्राहकासमोर पिळून धारोष्ण दूध विकण्याची जुनी रीत आहे. असे गिऱ्हाईक हाताशी असेल, तर म्हशीचा तो लांबलेला महिना परवडतो. तसे ते नसेल आणि सारे दूध संकलन केंद्रावरच जाणार असेल, तर नवख्याने गायीपासून सुरुवात करावी. म्हैस घ्यायचीच ठरली, तर रात्री आणि पहाटे गोठ्यात चक्कर कोण मारणार हे आधी ठरवावे, कारण तिच्या माजाची लक्षणे बहुधा त्याच वेळी दिसतात.