मुलांची अर्धशिशी आणि नाशिकमधली तज्ज्ञ ओपीडी: कधी जावं, काय मिळायला हवं

महिन्यातून दोनतीनदा डोकं दुखतं, औषध घेऊन अंधारात झोपलं की मूल उठून खेळायला पळतं, अशा अर्धशिशीला (मायग्रेनला) आपले नेहमीचे बालरोगतज्ज्ञ पुरेसे आहेत. त्यासाठी गंगापूर रोड किंवा मुंबई नाक्याला न्यूरोलॉजीची (मेंदूविकार तज्ज्ञांकडची) फाइल काढू नका.

वेळ वाया जातो तो दुसरीकडेच. आधी चष्म्याचा नंबर, मग सायनसचा एक्स-रे, मग पित्ताची औषधं. उलटी झाली की डोकं उतरतं, म्हणून घरोघरी ते पित्तच ठरतं. पण मळमळ आणि उलटी हा अर्धशिशीचाच भाग असतो. शिवाय नावात ‘अर्ध’ असलं तरी मुलांमध्ये बहुतेकदा पूर्ण कपाळ किंवा दोन्ही कानशिलं ठणकतात आणि झटका दोन तासांतही संपू शकतो. त्यामुळे मोठ्यांच्या मापाने बघणाऱ्याची चूक होते.

‘औषध लागूच पडत नाही’ ही तज्ज्ञाकडे जाण्याची खरी खूण आहे, पण आधी डोस तपासा. आयब्युप्रोफेन वजनाच्या दर किलोला 10 मिलिग्रॅम. म्हणजे 24 किलोच्या मुलाला 240 मिलिग्रॅम, 5 मिलीत 100 मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे 12 मिली. घरी दिलं जातं एक चमचा, तेही मूल रडायला लागल्यावर. दुखणं सुरू होताच, काहीतरी खाऊन, पूर्ण डोस द्यायला हवा. डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या. पावसाळ्यात सोबत ताप असेल तर डेंग्यूच्या शक्यतेमुळे आयब्युप्रोफेन टाळा, पॅरासिटामॉलच द्या. अ‍ॅस्पिरिन मुलांना नकोच.

डोस नीट देऊनही झटका आवरत नसेल, आठवड्यात दोनतीन दिवसांपेक्षा जास्त वेळा औषध लागत असेल किंवा शाळा सतत बुडत असेल, तर तज्ज्ञांची वेळ घ्या. तीन महिन्यांहून जास्त काळ महिन्याला 15 किंवा अधिक दिवस डोकं दुखतंय आणि त्यातले निदान 8 दिवस अर्धशिशीचे आहेत, तर तो क्रॉनिक मायग्रेन, म्हणजे जुनाट अर्धशिशी. एवढं थांबूही नये. वेदनाशामक रोज पोटात गेलं की त्यानेच डोकेदुखी वाढते.

काही खुणांना वेळ घेत बसायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं: पहाटे डोकेदुखीने जाग येऊन उलटी, आडवं झाल्यावर किंवा खोकल्यावर वाढणारी वेदना, दोन-दोन दिसणं, नवा तिरळेपणा, चालताना झोक जाणं, फीट, तापासोबत ताठरलेली मान, अचानक कमाल तीव्रतेने आलेलं दुखणं. मूल पाच-सहा वर्षांच्या आतलं असेल तर साध्या डोकेदुखीलाही लवकर दाखवावं.

आता ओपीडीबद्दल. पहिल्या भेटीत बीपी मोजलं, डोक्याचा घेर घेतला, मुलाला सरळ रेषेत चालवलं आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी केली किंवा ती करून आणायला सांगितलं, तर फी वसूल. यातलं काही न करता आधी एमआरआयचा कागद हातात आला, तर आमचं मत वाईट. लक्षणं नेहमीची आणि तपासणी नॉर्मल असेल तर स्कॅनची सहसा गरज नसते, ईईजीची (मेंदूच्या विद्युतलहरींच्या नोंदीची) तर नाहीच. सीटीत किरणोत्सर्गही आहे.

रोजच्या प्रतिबंधक गोळीबद्दल डॉक्टर किती स्पष्ट बोलतात, हेही बघा. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत 8 ते 17 वर्षांच्या मुलांना अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि टोपिरामेट साध्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरले नाहीत. म्हणून झोप, वेळेवर नाश्ता, पाणी यावर दहा मिनिटं देणारा डॉक्टर आम्हाला जास्त भरवशाचा वाटतो. प्रोप्रॅनोलॉल ही प्रतिबंधक गोळी लिहिण्याआधी दम्याचं विचारलंच पाहिजे.

जाताना चार-सहा आठवड्यांची वही न्या: तारीख, सुरू झाल्याची वेळ, किती तास, काय दिलं, किती मिली, शाळा बुडली का. लहान मुलांचे न्यूरोलॉजिस्ट रोज बसतात की ठरावीक वारी, हे फोनवर विचारून घ्या. दुसरं मत हवं असेल तर मुंबईत परळच्या वाडिया रुग्णालयात मुलांचा न्यूरोलॉजी विभाग आहे.

निघताना एक कागद मागायचाच: शाळेसाठी पत्र. वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, डोकं दुखायला लागताच ठरलेला डोस द्यावा, अर्धा तास शांत खोलीत पडू द्यावं. मधल्या सुट्टीपर्यंत थांबवलेल्या मुलाला तेच औषध मग पुरत नाही.