पोस्ट, कुरिअर, पोर्टल की ऑनलाइन बाजार? पत्त्याच्या बाजूने पाहिलेल्या चार वाटा

गेल्या महिन्यात पिंपळगाव बसवंतहून मामेबहिणीचा फोन आला. घरचे बेदाणे अर्धा-एक किलोच्या पाकिटांत भरून ती आता ऑनलाइन विकणार आहे. "ताई, पोस्ट परवडेल की कुरिअर?" मी नाशिकच्या भांडी बाजारातून समया, निरांजनं, तांब्याचे कलश उचलून सहा वर्षं पंचवटीतल्या घरातून विकते, म्हणून मला विचारलं. दर काय, कुणीही फोनवर सांगतं आणि ते बदलतही राहतात. मी तिला तीन गोष्टी बघायला सांगितल्या. पत्ता कोण लिहून घेतंय, तो चुकला तर वाटेत दुरुस्त कोण करू शकतं, आणि उद्या गिऱ्हाईक "मिळालंच नाही" म्हणालं तर दाखवायला तुझ्याकडे काय असेल.

या तीन गोष्टी मला कुणी शिकवल्या नाहीत, सोलापूरच्या एका समईने शिकवल्या. पत्ता व्हॉट्सॲपवर आला होता. मी तो वहीत उतरवताना ४१३००१ चं ४३१००१ केलं. लेबलवर ठळक अक्षरांत "सोलापूर" आणि खाली तो पिन. समई गेली छत्रपती संभाजीनगरला. वाटणी पिनवर होते, गावाचं नाव कुणी वाचत बसत नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला तोच मुळी यासाठी, की एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या लिप्या आणि वाईट अक्षर यांतून वाट निघावी. तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, मराठी माणूस आणि संस्कृतचे कवी. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गीकरणाचा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे. म्हणजे शेवटचा आकडा चुकला तर पार्सल शेजारच्या पेठेत जातं, आणि दुसरा-तिसरा उलटसुलट झाला तर दुसऱ्या जिल्ह्यात. समई अकरा दिवसांनी माझ्याच दारात परत आली. तोवर तिकडची वास्तुशांत उरकली होती. बाई भांडल्या नाहीत, फक्त "आता राहू द्या" म्हणाल्या. त्यापेक्षा भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पोस्टाची खिडकी

इथे पत्ता तुम्ही लिहिता आणि कारकून तो संगणकात पुन्हा भरतो, म्हणजे चुकायला दोन जागा. पण दुसरी चूक पकडायची सोय तिथेच आहे. पावतीवर घेणाऱ्याचं नाव आणि पिन छापून येतो. खिडकी सोडायच्या आधी तो पार्सलवरच्या पिनशी आकडा-आकडा ताडून बघायचा. मागच्या रांगेतले चुळबुळ करतात, करू देत.

१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट वेगळं राहिलं नाही, ते स्पीड पोस्टात मिसळलं. आमच्यासारख्यांना यात एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. साधं स्पीड पोस्ट पत्त्यावर दिलं जातं, म्हणजे घरातल्या कुणीही सही करून घेतलं तरी काम झालं. नाव लिहिलेल्या माणसाच्याच हातात जायला हवं असेल तर 'रजिस्ट्रेशन' ही जास्तीची सेवा मागून घ्यायची. तिचे पाच रुपये आणि वर जीएसटी. ओटीपी सांगितल्यावरच पार्सल हातात, अशीही सोय आहे, तिचेही तेवढेच. पाचशेच्या बेदाण्यांना यातलं काही नको. चार हजारांच्या समईला मी दोन्ही घेते.

पोस्टाचं खरं बळ खेड्यात. देशभरात दीड लाखाच्या वर पोस्टं आहेत आणि पोस्टमन गावातला असतो. "पाटलांचा मळा, विहिरीजवळ" एवढ्यावर त्याला घर सापडतं, खासगी कुरिअरचा मुलगा मात्र फाट्यावर उभा राहून फोन करतो. पत्ता अपुरा असला किंवा घराला कुलूप असलं तर पोस्टमन सूचना ठेवून जातो आणि पार्सल काही दिवस पोस्टात थांबतं. उणी बाजू अशी, की तुम्हाला घरबसल्या लेबल बदलता येत नाही. पाठवणाऱ्याचा, म्हणजे आपला पत्ताही नीट लिहायचा. तो नसला तर न पोचलेलं पार्सल परत येणार कुठे?

गल्लीतलं कुरिअर

यावर फार लिहिण्यासारखं नाही. काउंटरवरचा माणूस ओळखीचा असतो, फोन उचलतो, "ताई, पत्त्यात फ्लॅट नंबर नाही" असं निघायच्या आधीच सांगतो. मुंबई, पुणे, ठाण्यासाठी उत्तम. पण पावत्या बऱ्याचदा हाताने लिहिलेल्या, आणि त्यांच्या कार्बन कॉपीवरचा सात आणि एक मला आजवर वेगळा ओळखता आलेला नाही. छापील लेबल घरून चिकटवून न्या, म्हणजे निम्मा त्रास वाचेल.

अनेक कुरिअर एकत्र देणारी पोर्टलं

शिपरॉकेटसारख्या पोर्टलवर खातं उघडलं की एकाच ऑर्डरला चार-पाच कुरिअरचे दर दिसतात, लेबल घरी छापता येतं, मुलगा येऊन पार्सल उचलतो. पत्ता तुमच्या ऑनलाइन दुकानातून थेट आत आला तर तो गिऱ्हाइकानेच टाइप केलेला असतो. माझ्या वहीसारखा अपघात होत नाही. कुठल्या पिनला कोण जातं हेही आधीच कळतं.

पण गिऱ्हाईकही चुकतं. पत्त्याच्या रकान्याला अक्षरांची मर्यादा असते, लांबलचक पत्त्याचं शेपूट कापलं जातं आणि नेमकी खूण त्या शेपटातच असते. आपल्या नाशिकचीच गोष्ट घ्या. सिडकोतला पत्ता 'एन ४२' वगैरे अक्षर-आकड्यांत असतो. त्यातला एक आकडा गळला की डिलिव्हरीवाला राणाप्रताप चौकात गाडी लावून फोन फिरवत बसतो. 'उपनगर' हे आपल्याकडे एका भागाचं नाव आहे, बाहेरच्या माणसाला वाटतं पत्ता अर्धवट लिहिलाय. वडाळा म्हटलं की निम्म्या लोकांना मुंबई आठवते. कुणी 'पंचवटी' एवढंच लिहितं. अहो, त्यात पंचवटी कारंजाही आला आणि गोदाकाठही!

पार्सल पोचलं नाही तर पोर्टलवर त्याच दिवशी कारण दिसतं. 'ग्राहक उपलब्ध नाही', 'पत्ता अपूर्ण' असं काहीतरी. तेव्हा लगेच फोन करून खूण किंवा दुसरा नंबर भरायचा आणि पुन्हा प्रयत्न करायला सांगायचं. ही सोय बाकी कुठल्याच वाटेवर इतकी सरळ नाही. फक्त ती रोज संध्याकाळी बसून वापरावी लागते, दोन दिवस दुर्लक्ष केलं की पार्सल परतीला लागतं. आणि पिनच चुकला असेल तर खूण भरून भागत नाही, बहुतेक वेळा पार्सल परतच बोलवावं लागतं.

परतीचं भाडंही आपल्याच माथी. माझी अडीच किलोची समई ६० बाय २० बाय २० सेंटिमीटरच्या खोक्यात जाते. मोठ्या खोक्याचं भाडं काट्यावरच्या वजनावर नाही, आकारावर धरतात: लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार भागिले ५०००, म्हणजे हिशेबाचं वजन ४.८ किलो. चुकीच्या पत्त्यावर गेली की जाताना ४.८ चे आणि येताना ४.८ चे पैसे. बेदाण्याचं पाकीट आटोपशीर, त्यामुळे बहिणीला हा फटका कमी बसेल. घरी पैसे देण्याच्या ऑर्डरी मात्र तिने पहिले सहा महिने घेऊच नयेत असं माझं मत. ज्याने पैसे दिलेले नाहीत त्याला पत्ता नीट लिहायचीही घाई नसते.

मोठा ऑनलाइन बाजार

ॲमेझॉन, मीशो यांच्याकडे पत्ता तुमच्या हातात येतच नाही म्हटलं तरी चालेल. लेबल त्यांच्याकडून तयार येतं, तुम्ही छापायचं आणि चिकटवायचं. गिऱ्हाइकाने पत्ता चुकवला तर तो त्याचा आणि बाजाराचा प्रश्न. त्या लेबलवर पाठवलं याचा पुरावा त्यांच्याकडेच असतो. पत्त्याच्या बाबतीत ही सर्वांत बिनघोर वाट, यात वाद नाही.

मग चूक होते कुठे? आपल्या जेवणाच्या टेबलावर. मागच्या दिवाळीत एका संध्याकाळी माझी चौदा पार्सलं होती. सगळी आधी बांधून ठेवली, मग लेबलांचा गठ्ठा घेऊन चिकटवत गेले. पंचारती आणि कलश, दोन्ही खोकी सारखीच, टेपही सारखीच. कलशवालीला पंचारती गेली आणि पंचारतीवालीला कलश. दोन्ही पत्ते बरोबर, माल चुकीचा! तेव्हापासून एक खोकं बंद केलं की त्याचं लेबल लगेच, ते बाजूला ठेवल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही.

दुसरी अडचण नोंदणीची. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी क्रमांक नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही नावनोंदणी करून अशा बाजारात विकता येतं, पण फक्त स्वतःच्या राज्यात. राज्याबाहेर करपात्र माल विकायचा तर हस्तकलेसारखे काही अपवाद सोडता जीएसटी नोंदणी लागतेच, मग वाट पोस्टाची असो की कुरिअरची. इंदूर-सुरतच्या ऑर्डरींवर डोळा असेल तर हे आधी बघा. शिवाय गिऱ्हाईक बाजाराचं राहतं, तुमचं होत नाही. बेदाणे आवडलेली बाई पुढच्या वेळी तुमचं नाव विसरून दुसऱ्याचे घेते.

पत्ता मध्येच बदलला तर

इथे चारही वाटांचा खरा फरक दिसतो. माझ्या ऑनलाइन दुकानावर ठाण्याची ऑर्डर आली, पितळी प्रभावळ, ४,६५० रुपये, कार्डाने भरलेले. दुसऱ्या सकाळी वेगळ्याच नंबरवरून निरोप: "आम्ही पुण्याला आलोय, इकडे पाठवा." मी भल्या मनाने पाठवली. तीन आठवड्यांनी बँकेकडून तक्रार, कार्डधारक म्हणतो माल मिळालाच नाही. पैसे गोळा करणाऱ्या कंपनीने मागितला तो ऑर्डरमधल्या पत्त्यावर पोचवल्याचा पुरावा. माझ्याकडे सही होती पुण्याची. प्रभावळही गेली, पैसेही गेले.

आता माझा नियम कडक आहे. पत्ता बदलायचा तर ऑर्डर रद्द, पैसे परत, नव्या पत्त्याने नवी ऑर्डर. लोक कुरकुरतात, काही जातातही. बाजारात हा प्रश्नच येत नाही, लेबल आपल्याला बदलताच येत नाही. कुणी गोड बोलून दुसरा पत्ता दिला तर त्यावर परस्पर माल पाठवायचा नाही, इतकंच. पोर्टलवर बदल करता येतो, आणि धोका आहे तो तिथेच. पोस्टाच्या खिडकीवर काय लिहायचं ते सर्वस्वी आपल्या हातात, म्हणून तिथे आपला कडकपणा हीच काय ती राखण.

परदेशी पाठवणाऱ्यांना हे दुप्पट लागू. येवल्याची माझी मैत्रीण पैठण्या अमेरिकेला पाठवते, पैसे पेपालवर घेते. पेपालने भारतातल्या भारतातले व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले, पण निर्यातीचे चालू आहेत. विक्रेत्याला त्यांचं संरक्षण मिळतं ते व्यवहाराच्या पानावर दिसणाऱ्या पत्त्यावरच माल गेला तर, आणि रक्कम ७५० डॉलर किंवा वर असेल तर घेणाऱ्याची सहीही लागते. चांगली पैठणी त्या आकड्याच्या पलीकडे सहज जाते. "नणंदेच्या घरी पाठव गं" म्हणणारी गिऱ्हाइकं तिला दर महिन्याला भेटतात, ती प्रत्येकीला नव्याने पैसे भरायला लावते.

कुणी काय घ्यावं

महिन्याला वीस-तीस पार्सलं, गिऱ्हाईक ओळखीचं आणि बरंचसं खेड्यापाड्यातलं असेल तर स्पीड पोस्ट घ्या, डोळे झाकून. स्वतःचं ऑनलाइन दुकान असेल आणि रोज संध्याकाळी अर्धा तास फोनवर बसायची तयारी असेल तर पोर्टल. ती तयारी नसेल तर पोर्टलच्या वाटेला जाऊ नका, परतीच्या भाड्यात नफा जाईल. माणसांशी बोलणंच नको, फक्त माल बांधायचा असेल तर मोठा बाजार. महागडी वस्तू असेल तर वाट कुठलीही, सही किंवा ओटीपी घ्याच.

मळ्यातल्या घरांसाठी एक नवी गोष्ट हाताशी ठेवा. टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला. अक्षरं आणि आकडे मिळून दहा, आणि त्यातून साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन सापडतो. पिनच्या जागी तो चालत नाही, त्याला घरनंबर-नाव माहीत नसतं. पण गिऱ्हाइकाकडून मागवून खुणेच्या ओळीत टाकला तर डिलिव्हरीवाल्याला फोनवर जागा काढता येते. दिंडोरीकडच्या दोन वस्त्यांवर मी असं पाठवलं, दोन्ही पोचली.

बहिणीने शेवटी स्पीड पोस्टनेच सुरुवात केली. पहिल्या दहा लेबलांचे फोटो तिने मला पाठवले. सातव्यावर होतं "मु. पो. नांदूर, जि. नाशिक" आणि खाली निफाडकडचा पिन. मी विचारलं, हा पिन गिऱ्हाइकाने दिला का? नाही म्हणाली, त्याने दिलाच नव्हता, नांदूर मध्यमेश्वर आमच्या तालुक्यातच म्हणून मीच शोधून टाकला. म्हटलं, आधी त्याला फोन लाव. दहा मिनिटांनी तिचा निरोप आला: नांदूर शिंगोटे, सिन्नर तालुका.