रिसीव्हरवर लावलेले दोन पंखे: आठ महिन्यांचा अनुभव

एप्रिलमधल्या एका रविवारी सिनेमा ऐन रंगात असताना आमचा ५.१ रिसीव्हर (टीव्हीचा आवाज पाच स्पीकर आणि एका सबवूफरला पुरवणारा ॲम्प्लिफायर) तिसऱ्यांदा आपोआप बंद पडला. वरच्या जाळीवर तळहात टेकवला, तर दोन सेकंदही ठेववेना. दोष रिसीव्हरचा नव्हताच. मुलुंडच्या आमच्या वन बीएचकेत टीव्ही युनिट भिंतीला चिकटलेलं, मागे सलग प्लाय आणि रिसीव्हरच्या डोक्यावर जेमतेम चार बोटं जागा. त्यातला क्लास एबी प्रकारचा ॲम्प्लिफायर घेतलेल्या विजेतली बरीचशी उष्णता म्हणूनच बाहेर टाकतो. ती जाणार कुठे?

लॅमिंग्टन रोडवरून कॉम्प्युटरचे १२० मिमीचे, १२ व्होल्टचे दोन पंखे आणले. खाली रबराचे पाय चिकटवून ते जाळीवर आडवे ठेवले, हवा वर ओढतील असे. गरम हवा मुळात वरच चढते. तिच्यावर वरून वारा मारू नका.

आठवडाभर फरक जवळजवळ शून्य! जाळीपाशी ठेवलेला थर्मामीटर ५४ अंशांवरून ५२ वर आला, बस्स. पंखे तीच तापलेली हवा त्याच कप्प्यात घुसळत होते. मग सुतारकाकांकडून मागच्या प्लायला वर एक आणि खाली एक अशी दोन भोकं पाडून घेतली, युनिट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. त्याच सिनेमाला, त्याच आवाजात पारा ४३. म्हणून कळकळीने सांगतो, आधी भोकं पाडा, मग पंखे घ्या.

आवाजाचं म्हणाल तर १२ व्होल्टवर पंखे चांगलेच ऐकू येतात. मारामारीच्या सिनेमात ते खपून जातं, पण बाबा सकाळी भीमसेन जोशी लावतात तेव्हा आलापातल्या तानपुऱ्याखाली ती घरघर कानाला टोचायची. आता यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालवतो. हवा कमी, पण पुरेशी, आणि सोफ्यावर बसून काही ऐकू येत नाही. मात्र १२ व्होल्टचा प्रत्येक पंखा ५ व्होल्टवर सुरू होईलच असं नाही. माझ्या दोनांतला एक बोटाने ढकलल्याशिवाय फिरेना, तो बदलून आणला. घेताना दुकानातच ५ व्होल्टवर लावून बघा. वायर रिसीव्हरच्याच यूएसबीला जोडली आहे, त्यामुळे तो बंद केला की पंखेही थांबतात.

पावसाळ्यात सादळलेल्या हवेने पात्यांवर काळी, चिकट धूळ बसते. महिन्यातून एकदा पातं बोटाने धरून जुन्या ब्रशने झाडतो. ऐन गणपतीत एक पंखा गुणगुणायला लागला. तो साध्या स्लीव्ह बेअरिंगचा, म्हणजे आस नुसत्या नळीत फिरतो असा होता आणि आडवा ठेवला की ते बेअरिंग लवकर झिजतं. त्याच्या जागी बॉल बेअरिंगचा बसवला, थोडे जास्त पैसे गेले. त्यानंतर अख्खी ऑक्टोबर हीट गेली, पण रिसीव्हर एकदाही बंद पडला नाही.