केमिकल झाल्यावर प्लांट की कॉम्प्युटरवरचं रिसर्च?

दिवाळीत गावी आलो की केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे दोन-तीन पोट्टे घरी येतातच, दादा प्लांट जॉइन करू की गेट, म्हणजे एमटेक-पीएचडीची प्रवेश परीक्षा, देऊन सिम्युलेशनच्या, म्हणजे प्रयोग कॉम्प्युटरवर हिशोबानं करायच्या लाइनमध्ये जाऊ. मी दीड वर्ष प्लांट करून मग पीएचडीला गेलो, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो.

आधी पैशाचं बोलू. प्लांटमध्ये ट्रेनी लागले की पहिल्या महिन्यापासून पगार, पीएफ, कँटीन, कंपनीची बस. इकडे एमटेकला गेटवर महिन्याला १२,४०० मिळतात, पीएचडीत जेआरएफचे (रिसर्च करणाऱ्याला मिळणारी फेलोशिप) ३७,००० अन दोन वर्षांनी ४२,०००, हे २०२३ पासूनचे दर, वर एचआरए. ऐकायला बरं वाटते पण पाच वर्षं धरून चाला, अन पैसा दर महिन्याला येईलच असं नाही, माझी फेलोशिप एकदा चार महिने अडकली अन त्याच हंगामात घरची कपाशी बोंडअळीनं खाल्ली, बाबांना फोनवर काय सांगू तेच समजेना. घरावर सोसायटीचं कर्ज थकलं असेल तर माझं स्पष्ट मत आहे, आधी प्लांट.

काम मात्र एकदम वेगळं. प्लांटमध्ये रात्री तीनला पंपाचा आवाज बदलला की पॅनलवरून उठून पळावं लागते, चुकलं की पाच मिनिटांत कळते. सिम्युलेशनमध्ये चूक लपून बसते. माझा विषय होता पाण्यातलं फ्लोराइड, आपल्या यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बोअरमधलं, ज्यानं पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात. ते ॲल्युमिनाला (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) का चिकटते ते अणूंच्या पातळीवर बघायचं. कॉम्प्युटर अणूंची हालचाल पावलापावलानं मोजतो, एक पाऊल एका फेम्टोसेकंदाचं, म्हणजे फक्त एक नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग) बघायला १० लाख पावलं. रात्री रन लावायचा, म्हणजे हा हिशोब कॉम्प्युटरवर चालू करून द्यायचा, सकाळी त्याची नोंद असलेली लॉग फाइल उघडायची, एनर्जीचा आकडा भलतीकडेच गेलेला. अकरा दिवस शोधलं तेव्हा सापडलं, पेपरमधले आकडे किलोज्यूलमध्ये होते अन सॉफ्टवेअरला किलोकॅलरी पाहिजे होती. एका चुकीच्या आकड्यापाशी अकरा दिवस बसता येत असेल, अन बसावंसं वाटत असेल, तर ही लाइन तुमची आहे. फ्लोराइड ॲल्युमिनावरच्या ओएचला (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) हटवून त्याची जागा घेते हे स्क्रीनवर पाहिलं त्या दिवशी मला जेवण सुचलं नाही.

पुढच्या नोकरीचं थोडक्यात: प्लांटवाल्याला बुटीबोरीतही काम मिळू शकते, सिम्युलेशनवाल्याला पुणे-बंगळूर सहसा सुटत नाही. प्रोफेसर व्हायचं असेल तर पीएचडी पाहिजेच.

अन ठरवायच्या आधी करून तर बघा, एक रुपया लागत नाही. लॅम्प्स, ओपनफोम, डीडब्ल्यूसिम ही सिम्युलेशनची सॉफ्टवेअर सगळी फ्री आहेत, आयआयटी बॉम्बेच्या फॉसी या फ्री सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टमध्ये डीडब्ल्यूसिमवर फ्लोशीट, म्हणजे प्लांटच्या प्रोसेसचा नकाशा, करून दिली अन ती पास झाली तर मानधनही मिळते. गावात लाईट जाते म्हणून घाबरू नका, रीस्टार्ट फाइल लिहायला लावली की रन जिथे थांबला तिथून पुढे चालतो.

गेट शेवटच्या वर्षालाच देऊन टाका. स्कोअर तीन वर्षं चालतो, तोवर प्लांट करा, घरचं थोडं सावरा, मग ठरवा, मी तसंच केलं. भाऊबीजेपर्यंत मी इथेच आहे, लॅपटॉप घेऊन या, एक रन सोबत लावू.