शंकरनगरचा गिटार क्लास: चार रविवार, एकच गाणं, १८०० रुपये

आधीच सांगतो, क्लासचं नाव टाकत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि सर माणूस म्हणून लय चांगले आहेत. नागपुरात शंकरनगरच्या बाजूला आहे एवढंच समजा.

तर प्रकार असा आहे की हे लोक उन्हाळ्यात चार रविवारांचा कोर्स घेतात, गाणं तुम्ही निवडायचं, तेवढं एकच शिकवतात. माझं वय ४७, लग्नाला यंदा वीस वर्षं, म्हटलं बायकोला एक गाणं तरी वाजवून दाखवू. गाणं कोणतं तर ओएसिस या इंग्लिश बँडचं वंडरवॉल. अकरावी-बारावीत केबलवर दिसायचं तेव्हापासून डोक्यात बसलेलं. कोर्सला नाव दिलं तेव्हा बॅचमधली पोरं हसली, कारण गिटार शिकणारा प्रत्येक जण हेच गाणं वाजवतो आणि लोक वैतागतात म्हणे. हसू द्या.

सर माझ्याहून पंधरा वर्षं लहान, तरी मी त्यांना सर म्हणतो आणि ते मला काका. पहिल्या रविवारी त्यांनी गिटारला हातच लावू दिला नाही, दोन स्पीकर लावले, खिडकीतला कूलर बंद केला (एप्रिलमध्ये, नागपुरात, विचार करा) आणि गाणं लावलं. मी मान डोलवत होतो तर म्हणाले, "काका, तुम्ही ऐकून नाही राहिले, तुम्ही आठवून राहिले." मला खरंच राग आला होता पण बरोबर होतं त्यांचं. तीस वर्षं मी ते गाणं आठवतच होतो. पहिलं कडवं जवळपास नुसती गिटार आणि गाणाऱ्या लियमचा आवाज आहे, ड्रम लगेच येतच नाही, हे मला माहीतच नव्हतं. मग ड्रमवाला ॲलन व्हाइट आत येतो, तो गाणं रेकॉर्ड झालं त्याच वर्षी बँडमध्ये आलेला नवा गडी, आणि गाणं एकदम उभं राहतं. आणि मागे जो चेलो (मोठं व्हायोलिन समजा) रडतो ना, तो चेलो नाहीच, मेलोट्रॉन आहे. म्हणजे पेटीसारख्या पट्ट्या असलेलं यंत्र, प्रत्येक पट्टीखाली रेकॉर्ड केलेल्या टेपची एक फीत, पट्टी दाबली की फीत चालू, आणि आठेक सेकंदांत संपली की सूर बंद. सरांनी फोनवर त्याचा व्हिडिओ दाखवला, बॅचमधली पोरं पण गप्प झाली.

रेकॉर्डिंग झालं १९९५ च्या मे महिन्यात, वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत. हा स्टुडिओ शेतावर आहे, बँडवाले तिथंच राहायचे, जेवायचे, भांडायचे. लिहिणारा थोरला भाऊ नोएल, गाणारा धाकटा लियम. हे आणि त्याच अल्बममधलं आणखी एक, अशी दोन गाणी नोएलने भावासमोर ठेवली, एक तू गा, एक मी गातो, आणि लियमने हे उचललं. आधी गाण्याचं नाव 'विशिंग स्टोन' असं काहीतरी होतं, मग नोएलने बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनच्या १९६८ च्या 'वंडरवॉल म्युझिक' अल्बमवरून शब्द घेतला. आणि इथं मी खुर्चीतून उठलोच, कारण त्या हॅरिसनच्या अल्बमचा अर्धा माल आपल्या मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालाय, जानेवारी १९६८, संतूरवर पंडित शिवकुमार शर्मा, सरोदवर आशिष खां. म्हणजे मँचेस्टरच्या पोराच्या प्रेमाच्या गाण्याचं नाव फिरून फिरून मुंबईपर्यंत येतं. ही गोष्ट मी त्या दिवसापासून ऑफिसात किमान सहा जणांना ऐकवली, कोणालाच काही वाटलं नाही.

दुसऱ्या रविवारपासून बोटं. आता हे नीट सांगतो कारण पैसे याच्यातच वसूल झाले. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, दुसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या दांड्यावरच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) लावायचा. मग कॅपोपासून तिसऱ्या फ्रेटवर अनामिका आणि करंगळी, खालच्या दोन बारीक तारांवर, आणि ती दोन बोटं कडवं संपेपर्यंत हलवायचीच नाहीत. ई मायनर सेवन, जी, डी सस फोर, ए सेवन सस फोर, हे सगळे कॉर्ड पहिल्या दोन बोटांनी बदलत राहायचं, ही दोन जागची हलत नाहीत. सर म्हणाले तानपुरा समजा, वर राग काहीही बदलू दे, खाली सूर चालूच. माझी आई गाणं शिकायची, घरात तानपुरा होता, त्यामुळे हे मला एका सेकंदात कळलं. हातांना कळायला मात्र अकरा दिवस लागले. करंगळीला आधी फोड आला, मग घट्टा पडला, कीबोर्डवर टाइप करताना पण टोचायचा.

गिटारची रड वेगळीच. ती मी सीताबर्डीच्या एका दुकानातून घेतली, दुकानदार म्हणाला, "बिगिनरसाठी हीच घ्या, डोळे झाकून." खरंच झाकून घेतली. तारा फ्रेटबोर्डपासून इतक्या उंच होत्या की दाबायला पैलवान लागेल. सरांनी बघितल्या बघितल्या "काहून घेतली बाप्पा ही" असं म्हटलं आणि त्याच संध्याकाळी तारा जिच्यावर टेकतात ती ब्रिजवरची पट्टी काढून पॉलिश पेपरवर घासून बारीक करून दिली, पैसे नाही घेतले. म्हणून म्हटलं माणूस चांगला आहे.

आता तक्रारी. अकराची बॅच कधीच अकराला सुरू झाली नाही, एकदा तर पावणेबारा. कूलर चालू केला की स्ट्रमिंग, म्हणजे तारांवरून हात फिरवणं, ऐकू येत नाही आणि बंद केला की माणूस शिजतो. आणि सर गोष्टींत फार रमतात. तिसरा रविवार जवळपास पूर्ण याच्यातच गेला की ऑगस्ट १९९५ मध्ये ओएसिस आणि त्यांचा स्पर्धक बँड ब्लर यांचं सिंगल (एकेक सुटं गाणं) एकाच दिवशी कसं आलं, ब्लरने दोन लाख ७४ हजार कॉपी विकून पहिला नंबर कसा मारला, ओएसिस दोन लाख १६ हजारांवर कसं राहिलं. मजा आली, खोटं नाही बोलत, पण स्ट्रमिंगचा तो सोळा ठोक्यांचा पॅटर्न राहून गेला ना भाऊ, तो मला घरी यूट्यूबवरून बसवावा लागला. तेवढे पैसे कापायला पाहिजेत.

बरं, वंडरवॉलला पण पहिला नंबर मिळाला नाही हे तुम्हाला माहीत होतं का? ३० ऑक्टोबर १९९५ ला आलं आणि ब्रिटनमध्ये दोनवर अडकलं, वर कोण बसलेलं तर रॉबसन आणि जेरोम, टीव्ही मालिकेतले दोन नट, जुनी गाणी गात होते. वरून डिसेंबरमध्ये माइक फ्लॉवर्स पॉप्स नावाच्या मंडळींनी याच गाण्याची हॉटेलच्या लॉबीत वाजते तशी गुळगुळीत आवृत्ती काढली, ती पण दोन नंबरलाच. अमेरिकेत आठवर गेलं. आणि २०२० मध्ये स्पॉटिफायवर शंभर कोटी वेळा वाजून झालं. त्या रॉबसन-जेरोमचं गाणं आज बॅचमध्ये एकालाही माहीत नव्हतं, सरांना सोडून. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जुलैत, सोळा वर्षांच्या भांडणानंतर दोघं भाऊ कार्डिफला एका स्टेजवर आले तेव्हापासून या गाण्यासाठी येणारे वाढलेत म्हणे, माझ्याच बॅचमध्ये आम्ही तिघं होतो.

चौथ्या रविवारी पूर्ण गाणं न थांबता वाजवलं. उतरून तर्री पोहे खाल्ले, करंगळी तर्रीत बुडाली तर अशी झोंबली म्हणून सांगू.

घरी वाढदिवसाच्या संध्याकाळी, लग्नाच्या वाढदिवसाच्या, वाजवलं. एक डी सस फोर चुकला. बायको इंग्रजी गाणी फारशी ऐकत नाही पण शब्द नीट ऐकते. संपल्यावर म्हणाली, "छान झालं, पण हा पूर्ण गाण्यात कदाचित, कदाचितच म्हणून राहिला. वीस वर्षं झाली न, आता तरी नक्की कर म्हणावं." आता याला काय उत्तर देणार. मी तिला सांगितलं की आधी सगळे म्हणायचे नोएलने हे त्याच्या तेव्हाच्या मैत्रिणीसाठी, मेग मॅथ्यूजसाठी लिहिलं, मग लग्न झालं, मग घटस्फोट झाला, आणि नंतर तो म्हणाला की गाणं तिच्यावर नाहीच, येऊन आपल्याला वाचवणाऱ्या एका काल्पनिक मित्रावर आहे. बायको म्हणाली, "म्हणूनच कदाचित," आणि परत वाजवायला सांगितलं. दुसऱ्यांदा डी सस फोर बरोबर लागला.

पाचपैकी साडेतीन. अर्धा वेळेसाठी कापला, एक स्ट्रमिंगसाठी. पुढची बॅच लावणार असाल तर गाडी घेऊन जाऊ नका, गल्लीत लावायला जागा नाही, मेट्रोने जा. आणि कॅपो स्वतःचा न्या, क्लासमध्ये दोनच आहेत आणि त्यातल्या एकाची स्प्रिंग गेलेली आहे.